शेवाळी गोट

पुलाच्या पायऱ्या उतरताना त्याची नजर नेहमीसारखी पुढच्यांच्या पायांवर होती. सव्वीस वर्षांची खोड. माणूस त्याला आधी पायांनी भेटायचा, चेहरा मागाहून. बायको म्हणायची, मला बघायला आलात तेव्हाही तुम्ही माझ्या चपलाच बघत होतात, आणि ते काही खोटं नव्हतं. सकाळचे सव्वादहा, उतरणाऱ्यांची रांग, कुणाची झिजलेली टाच, कुणाची उसवलेली शिवण, आणि पाच पायऱ्या खाली एका बाईच्या बुटाच्या मागच्या कडेला शेवाळी रंगाचा बारीक गोट. त्याचा पाय पुढच्या पायरीवर पडायचा तो पडलाच नाही. मागचा माणूस पाठीवर आदळला, काहीतरी पुटपुटला आणि कडेनं निघून गेला. तो कठड्याला धरून उभा राहिला. तो गोट इथं दिसायला नको होता. कुठंच दिसायला नको होता. त्या गोटाचे बूट, सगळेच्या सगळे सहाशे चाळीस जोड, आठ महिन्यांपूर्वी सुरीनं कापून टाकले होते, आणि आपल्या डोळ्यांसमोर कापले असं त्यानं स्वतः सही करून लिहून दिलं होतं.

नजरचूक असेल म्हणावं तर तीही सोय नव्हती. तो एका खरेदी-कचेरीत माल तपासायचा. परदेशातली दुकानं कचेरीला सांगायची, आम्हाला असे बूट हवेत, असे पट्टे, अशा पर्सा. कचेरी ते काम पाच तासांवरच्या चामड्याच्या गावात वाटून द्यायची. आणि माल तयार झाला की हा गाडीनं तिकडं जायचा, ढिगातून वाटेल तो जोड उचलायचा, वाकवायचा, पिळायचा, हुंगायचा आणि पास की नापास ते लिहायचा. त्या गावातले कारखानदार त्याला तोंडावर साहेब आणि पाठीमागं नापासमास्तर म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं. या बुटांच्या गोटाचा रंग ठरायलाच तीन आठवडे गेले होते. परदेशातल्या बाई एक रंग पाठवला की म्हणायच्या फार पोपटी, दुसरा पाठवला की म्हणायच्या फार करडा. शेवटी त्यांनी ओल्या दगडाचा फोटो पाठवला, तेव्हा कारखान्यातला रंगारी वैतागून म्हणाला होता, दगडच पाठवून देऊ या बाईंना. जांभळट तपकिरी कातडं, दोन बोटं उंच टाच आणि हा गोट. दुसऱ्या कुणासाठी असा बूट झालेला नव्हता. सहाशे चाळीस केले, सहाशे चाळीस नापास झाले.

बाई खाली पोहोचली आणि डावीकडं वळली. त्याची कचेरी उजवीकडं. अकराला परदेशी गिऱ्हाइकाशी बोलणं ठरलं होतं, पिशवीत तीन पट्टे आणि एका पाकिटाचा नमुना होता. तो डावीकडं वळला. का वळला ते त्याला सांगता आलं नसतं. आधी फक्त खात्री करून घ्यावी एवढंच मनात होतं. जवळून एकदा बघू, शिवण वेगळी निघेल, कुणीतरी नक्कल केली असेल, बाजारात नकलांना काय तोटा. बाई तिशीची असेल. अंगावर फिकट निळा डगला, खांद्याला पट्ट्यानं लटकवलेला पांढरा डबा. डब्यावर रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं चिन्ह होतं. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेणारी. म्हणजे दिवसभर जिने. ती भराभर चालत होती आणि तो पंधरा पावलं मागं राहून ऐकत होता. पहिल्या नोकरीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला शिकवलं होतं, बुटाला डोळ्यांनी बघशील तर फसशील, कानांनी बघ. पक्की टाच कोरडी वाजते, सुटायला आलेली ओली. रस्त्यावर गाड्या होत्या, भोंगे होते, दुकानांची वर जाणारी लोखंडी दारं होती, पण त्या सगळ्यातून त्याला फक्त दोन आवाज येत होते. उजवी टाच टक्. डावी टप्. टक्, टप्. टक्, टप्. नक्कल नव्हती.

यंत्रानं हे आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. बूट उलटा घट्ट धरून टाचेवर हातोडी आपटत राहायचं, हातोडीचा प्रत्येक फटका यंत्र मोजतं. चांगली टाच वीस हजार फटके सोसते. यांची सतराशेच्या आसपास निखळली. एकाची नाही, तपासलेल्या सहाच्या सहांची. बुटाच्या पोटात टाचेपासून चवड्यापर्यंत पोलादाची पट्टी असते, पाठीला कणा असतो तशी. कारखान्याच्या मालकानं तिच्या जागी पत्रा घातला होता, वरून पुठ्ठा चिकटवून असा सफाईनं झाकला होता की बोटांना कळू नये. पट्टीवाल्यानं ऐनवेळी दगा दिला, साहेब, तारीख चुकली असती. मालक तासभर बोलत होता. आधी विनवण्या, मग गप्पा, मग वीस वर्षांच्या ओळखीची आठवण. यानं मान हलवली नव्हती. पोटच्या पोराला नापास करीन, असं तो म्हणाला होता, आणि म्हणताना स्वतःवरच खूश झाला होता. एखादी बाई जिन्यावरून उतरत असेल, तिच्या हातात काही असेल, असंही तो म्हणाला होता. ते वाक्य तो प्रत्येक कारखान्यात म्हणायचा. त्या बाईला चेहरा नव्हता, डबा नव्हता, निळा डगला नव्हता. ती नियमाच्या पुस्तकातली बाई होती.

आता ती बाई रस्ता ओलांडून एका जुन्या चार मजली इमारतीत शिरली. उद्वाहकाच्या दारावर बंदची पाटी होती. ती पाटीकडं न बघताच जिना चढू लागली, म्हणजे नेहमी यायची. तो दारातून आत आला आणि पहिल्या पायरीपाशी थांबला. हाक मारावी? काय म्हणून? अहो बाई, तुमचे बूट काढा. अनोळखी पुरुषानं रिकाम्या जिन्यात असं म्हणावं? ताई, जरा थांबता का, तुमच्या टाचेत पत्रा आहे. मनातल्या मनात तो वाक्यं जुळवत होता आणि प्रत्येक वाक्याला स्वतःच नापास करत होता. तोवर टक्-टप् वर गेलं, दुसऱ्या मजल्यावर वळलं, तिसऱ्यावर वळलं, दार उघडल्याचा आवाज, दार लागल्याचा. चढताना भीती नसते. चढताना भार चवड्यावर असतो. भीती उतरताना. खिशात फोन थरथरत होता, कचेरी असणार. त्यानं काढून पाहिला नाही. जिन्यात फिनेलचा वास होता, भिंतीला पाठींची तेलकट रेघ उमटलेली होती, पायऱ्यांच्या कडा मधोमध झिजून खाली गेल्या होत्या. चौतीस पायऱ्या दिसत होत्या, त्यानं मोजल्या. मोजून काय करणार होता?

आणि उभ्या उभ्या त्याला तो दुपारचा कारखाना दिसायला लागला, जो आठ महिने असा दिसला नव्हता. नापास माल असा फेकता येत नाही. आत गिऱ्हाइकाच्या दुकानाचं नाव छापलेलं असतं, म्हणून तो कापायचा आणि तपासनिसानं समोर बसून कापून घ्यायचा. मालकानं कापायला एका म्हाताऱ्या कारागिराला बसवलं होतं. साच्यावर कातडं ताणून बसवायचं काम त्याचंच, म्हणजे हे बूट त्याच्याच हातचे. म्हाताऱ्यानं पहिला बूट घेतला, मांडीवरच्या फडक्यानं पुसला, चकचकीत केला आणि मग सुरी घातली. दुसराही पुसला. तिसराही. कापायचाच आहे तर पुसतोस कशाला, असं कुणीही विचारलं नाही. बाकीचे कामगार भिंतीला टेकून उभे, नुसता कातडं फाटल्याचा आवाज. दहा जोड झाले आणि हा उठला. तुमचं चालू द्या, मी चहा घेऊन येतो, म्हणाला. मालकाच्या खोलीत पंखा होता, चहा होता, लिहायचा कागद तयार होता. ‘समक्ष नष्ट’ या दोन शब्दांखाली त्यानं सही केली. निघताना मालकानं वहिनींसाठी म्हणून एक पर्स हातात ठेवली, आणि ती सहीच्या नंतर आलेली असल्यामुळं तिचा सहीशी काही संबंध नाही असं यानं मनाशी ठरवलं. परतीच्या गाडीत त्याला भरून आलं होतं. माणसाला स्वतःच्या हातचं काम कापताना बघू नये, एवढी तरी माणुसकी आपल्यात शिल्लक आहे, असं वाटलं होतं. आठ महिने तो त्या दुपारकडं आपली भलाई म्हणून बघत आला होता. आता फिनेलच्या वासात उभं राहून त्याला आठवलं की त्या दिवशी पाचची गाडी गाठायची होती, पुढची आठची, आणि सहाशे तीस जोड कापायला निदान चार तास लागले असते.

वर दार उघडलं. कुणालातरी संध्याकाळी रिपोर्ट येईल असं सांगणारा आवाज, आणि मग टाचा. ती धावतच उतरत होती, रोज जिने उतरणाऱ्या माणसासारखी, पायऱ्यांकडं न बघता, एक हात डब्यावर, कठड्याला हात नाही. टक्टप् टक्टप् टक्टप्. पहिल्या वळणावर ती दिसली आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, तोही ओरडल्यासारखा.

“सावकाश!”

ती थबकली. तिचा हात कठड्यावर गेला. दुसऱ्या हातात फोन होता, तो तिनं त्याच्यापुढं धरला, ढाल धरावी तसा.

“काका, पुलापासून माझ्या मागं येताय,” ती म्हणाली. आवाज शांत होता, पण मुद्दाम शांत ठेवलेला. “मी वर कठड्यावरून वाकून बघितलं. तुम्ही इथंच उभे होतात. एक बटण दाबलं की चार माणसं येतील.”

“दाबा,” तो म्हणाला. “पण आधी कठडा धरून खाली या. तुमच्या डाव्या बुटाची टाच निघणार आहे.”

वेड्याकडं बघावं तसं तिनं त्याच्याकडं बघितलं. मग बुटाकडं. तो घाईघाईनं म्हणाला की मी बूट तपासतो, तेच माझं काम आहे.

“रस्त्यात?” तिनं विचारलं.

त्याही परिस्थितीत त्याला हसू आलं आणि ते आलेलं तिला दिसलं, त्यामुळं असेल, फोन दोन बोटं खाली आला. त्यानं तिला एवढंच सांगितलं, की तुम्ही हे बूट मला अजून दाखवलेले नाहीत. पण डावा काढून आत बघा, टाचेच्या जागी छापलेलं नाव खरवडून काढलेलं असेल, आणि गोटाच्या टोकाशी, आतल्या बाजूला, चार आकडे असतील, शेवटचे दोन चार आणि सात. ती तिथंच पायरीवर बसली, नजर त्याच्यावर ठेवून बूट काढला, आत डोकावली. बराच वेळ डोकावून राहिली. मग तिनं बूट त्याच्याकडं सरकवला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि कमरेत, म्हणजे टाच आणि चवड्याच्या मध्ये, वाकवला. चांगल्या बुटाची कंबर वाकत नाही. ही पुठ्ठ्यासारखी दुमडली. त्यानं टाच मुठीत धरून नुसती पिळली आणि ती हातात आली, तीन खिळ्यांसकट. खिळे गंजलेले होते. ती त्या खिळ्यांकडं बघत होती आणि एक हात आपोआप डब्याच्या झाकणावर गेला होता. डब्यात आठ माणसांचं रक्त आहे, असं ती म्हणाली, त्याला उद्देशून नव्हे. मग तिनं मान वर केली.

“तुम्हाला माहीत होतं हे वाईट आहेत. मग माझ्या पायात कसे आले?”

हा प्रश्न येणार हे त्याला पुलावरच कळलं होतं. कारखान्यातून चोरून बाहेर आले असतील, तो म्हणाला. लोक काय, काहीही विकतात. बोलताना त्यानं टाच तिच्या शेजारी पायरीवर ठेवली आणि हात रुमालाला पुसले. ती हं म्हणाली. त्याच्यावर विश्वास ठेवून म्हणाली, आणि ते त्याला फोनचं बटण दाबण्यापेक्षा वाईट वाटलं. मग ती सांगत गेली: चार महिन्यांपूर्वी तिच्या वसाहतीच्या फाटकाशी एक टेम्पो आला होता, परदेशी माल, स्वस्तात; पाच-सहा मापं होती; बायकांची झुंबड उडाली. किती जणींनी घेतले? तिनं बोटं मोजली, मग मोजणं सोडून दिलं. पंधरा तरी असतील, वीसही असतील. मी सांगून त्यांना पटायचं नाही, ती म्हणाली, माझ्यावरच हसतील, तुम्ही या. तुम्ही असं पिळून दाखवा. तिनं पत्ता लिहून दिला. अजून तीन घरं बाकी होती आणि पायात काही नव्हतं, म्हणून तो कोपऱ्यावरच्या दुकानातून सपाट चपला घेऊन आला. दुकानात त्यानं सवयीनं सात जोड वाकवून पाहिले आणि दुकानदार म्हणाला, साहेब, चप्पल घ्यायचीय की तिला नोकरीला ठेवायचीय.

ती गेल्यावर तो रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि त्यानं मालकाला फोन लावला. मालकाचा आवाज आधी मोकळा होता, घरचे कसे आहेत वगैरे. मग टेम्पोचं ऐकलं आणि तो मोकळेपणा गेला. यानं सरळच विचारलं, किती कापले? दहा, मालक म्हणाला. तुम्ही बघितले तेवढे. बाकीचे एका माणसानं एकगठ्ठा उचलले, त्यानं कुठं कुठं विकले मला कसं ठाऊक असणार? आठ महिने झाले, काही झालं का? कुणी मेलं का? हा कचेरीत कळवणार म्हणाला. मालक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. “साहेब,” तो अगदी मायेनं म्हणाला, “कळवा की. पण कागदावर सही माझी नाहीये. झाकली मूठ राहू द्या. साप निघून गेला, आता भुई कशाला धोपटता?” फोन ठेवल्यावर त्याला जाणवलं की आपण मघापासून डाव्या पायाची टाच फरशीवर आपटतोय आणि आवाज ऐकतोय. कचेरीचे सहा फोन येऊन गेले होते. पिशवीतल्या पट्ट्यांचा वास येत होता, नव्या कातड्याचा, जो त्याला इतकी वर्षं स्वच्छ वाटत आला होता. सहाशे तीस जोड. वीस इथं. मग बाकीचे? बाकीचे कोणत्या जिन्यांवर होते, कोणत्या शहरांत, कुणाच्या पायांत, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं, आणि हे कळल्यावर त्याला वाटलं तसं रडू वगैरे आलं नाही. घरी जावं. डोकं दुखतंय म्हणून पडावं. बाईला खोटं नाव थोडंच सांगितलं होतं. नावच सांगितलं नव्हतं. तिला तो पुन्हा सापडलाही नसता. हा विचार एवढा सोयीचा होता की तो त्याच्या भीतीनंच उठला.

वसाहत म्हणजे समोरासमोर चार इमारती, मध्ये अंगण, प्रत्येक मजल्याला लांब बोळ आणि प्रत्येक दाराबाहेर चपलांची मांडणी. तो साडेतीनला पोहोचला. पहिल्या बोळात शिरला आणि त्याला कुणालाही काही विचारावं लागलं नाही. मांडण्यांवर, मुलांच्या शाळेच्या बुटांशेजारी, नवऱ्यांच्या चपलांवर, नीट पुसून ठेवलेले, गोट बाहेर केलेले, ते उभे होते. एक. तीन दारं सोडून दुसरा. वरच्या मजल्यावर लागोपाठ दोन. तो दारं वाजवत गेला. पहिल्या दारातली बाई म्हणाली की विकायला माणसं यायची, आता परत न्यायलाही यायला लागली का. दुसरीनं सासूला बोलावलं, सासूनं दार लावलं. तिसरीनं बूट पिळून दाखवू दिला, टाच निघाली तशी ती म्हणाली, तुम्हीच तोडली, आता भरून द्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. त्याच्या हातात कागद नव्हता, ओळखपत्र दाखवावं तर त्यावर कचेरीचं नाव होतं, आणि अजूनही, त्या क्षणीही, ते खिशातून काढायला त्याचा हात तयार नव्हता. पाचच्या सुमाराला निळ्या डगल्याची बाई कामावरून आली, पायात त्याच सपाट चपला. तुम्ही खरंच आलात, एवढंच ती म्हणाली. मग ती पुढं आणि तो मागं, असे दोघं फिरले. तिनं हाक मारली की दार उघडायचं. ‘अगं, माझी टाच निघाली, तीन खिळ्यांवर होती बघ,’ असं ती सांगायची आणि खिशातून ते खिळे काढून दाखवायची. बघता बघता तिनं घरून आणलेलं पोतं भरत चाललं. चौदा जोड झाले. मागं बायकांचा घोळका जमला, मुलं जमली, जो तो आपापली टाच पिळून बघायला लागला, कुणी हसत होतं, कुणी टेम्पोवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत होतं. त्याच्यावर कुणी रागावलं नव्हतं. उलट एकीनं त्याला पाणी आणून दिलं. देवासारखे आलात, म्हणाली. तो ते पाणी पिऊ शकला नाही.

तळमजल्यावरचं शेवटचं दार लोटलेलं होतं. इथल्या शिवणबाईंनी पण घेतले होते, निळ्या डगल्याची म्हणाली आणि थांबली. काहीतरी तिच्या ध्यानात येत होतं. शिवणबाई म्हणजे तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलेल्या, वय सहासष्ट. त्या खिडकीपाशी पलंगावर बसल्या होत्या, शेजारी चालताना धरायचा चार पायांचा आधार उभा होता. त्यांचा नवरा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होता. तिनं बुटांचं विचारलं तशा शिवणबाईंनी उशीखालून एक कापडी पिशवी काढली. पिशवीत दोन्ही बूट होते, स्वच्छ पुसलेले, आणि डाव्याची टाच वेगळी, जुन्या कागदात गुंडाळलेली.

“बूट दुरुस्त करणारे का तुम्ही?” त्यांनी त्याला विचारलं. “टाच बसवून मिळेल का? बूट फार चांगले आहेत हो. चूक त्यांची नाही. मीच पडले.”

दोन महिन्यांपूर्वी. बाहेरच्या चार पायऱ्यांवर. खुब्याचं हाड. त्या अगदी साधेपणानं सांगत होत्या, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. जन्मात टाचेचे बूट घातले नव्हते. वर्गात दिवसभर उभं राहायचं, तिथं सपाटच बरं. निवृत्त झाल्यावर हौस केली. आणि या वयात हौस म्हणजे काय, पाय घसरला. मुलगा म्हणाला, आई, वय बघ. सून म्हणाली. हेही म्हणतात, रोज म्हणतात. हाड जुळलंय, डॉक्टर चाला म्हणतात, पण पाय टाकायला जावं तर वाटतं खाली जमीन नाहीच. स्वतःच्या पायावरचा भरवसाच उडाला. त्या हसल्या. आता कुठं जायचंय म्हणा.

त्यानं टाच हातात घेतली. तीन खिळे, गंजलेले. त्याच्या मागं दार भरून बायका उभ्या होत्या. तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला, कारण उभं राहून ते सांगता आलं नसतं. त्यानं ओळखपत्र काढून पलंगावर ठेवलं. म्हणाला, तुम्ही घसरला नाहीत. हे बूट मोडणार हे आधीच कळलं होतं. यांच्या आत पोलाद हवं तिथं पत्रा आहे. म्हणून सगळे कापून टाकायचे होते आणि ते मी समोर बसून कापून घ्यायचे होते. “मी दहा जोड बघितले आणि उठलो. सगळे बघितले असं लिहून दिलं. त्यातलाच हा तुमच्या पायात आला.” निळ्या डगल्याची बाई त्याच्याकडं वळून बघत होती, सकाळी जिन्यात सांगितलेलं तिला आठवत असणार. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली नाही.

शिवणबाईंच्या चेहऱ्यावर राग शोधत तो बसला होता, राग त्याला हवा होता. त्या आपल्या पायांकडं बघत होत्या, चादरीखालच्या, जणू ते आत्ताच कुणीतरी परत आणून दिले होते.

“म्हणजे,” त्या हळूच म्हणाल्या, “मी नीटच चालत होते.”

“नीटच चालत होतात,” तो म्हणाला.

खुर्चीतल्या नवऱ्यानं वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यानं मान वर केलेली नव्हती. शिवणबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग याच्याकडं.

“यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “उजव्या बाजूला जाऊन बसा. आणि जरा मोठ्यानं सांगा. मला सांगितलंत ते सगळं.”

तो उठला. स्टूल उचलून खुर्चीच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलं. दारातल्या बायकांची कुजबुज थांबली, कुणीतरी मुलाला गप्प केलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढून हातात घेतला. यानं सांगायला सुरुवात केली. आवाज पहिल्यांदा फाटला, मग सापडला. अंगणापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यानं आपलं नाव सांगितलं, कचेरीचं सांगितलं, दहा सांगितलं, सहाशे तीस सांगितलं, सहीचं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि बायकोकडं बघितलं.

“पुन्हा सांगा,” शिवणबाई म्हणाल्या.

त्यानं पुन्हा सांगितलं.